क्यूआर कोड कुणाच्या नावाचा?

आमचे बपेरा तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव. इथेही आता चहाची टपरी असो, पंक्चरचे दुकान असो की किराणा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन टांगलेला दिसतोच. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवण्याची पद्धत त्यामुळे मोडली, एवढ्यासाठी तरी मी त्याची आभारी आहे.

हा चौकोन मुळात पैशांसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. जुन्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरे मावत. यात सात हजारांवर अंक मावतात. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन यंत्राला दिशा दाखवतात, म्हणून मोबाईल उलटा धरला तरी काम होते. काही कोड तर तीस टक्क्यांपर्यंत खराब झाले तरी वाचता येतात. तेलाचे डाग पडलेला भजीवाल्याचा कागद चालतो तो यामुळेच.

शिक्षिका म्हणून मला त्याची ओळख दुकानाआधी पुस्तकात झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; दहा लाख डॉलर्सपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आज बालभारतीच्या पुस्तकांवर कोड असतो, तो स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर धड्याचे साहित्य उघडते. उत्तमच आहे. पण घरात एकच मोबाईल आणि तो सकाळी अब्बांच्या खिशातून कामावर गेलेला, तर मुलीने स्कॅन कशाने करायचे? रात्री जेवणानंतर अर्धा तास मोबाईल मुलांच्या अभ्यासाचा, एवढे प्रत्येक घराने ठरवले तरी पुष्कळ होईल.

औषधांचेही तसेच. ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या तीनशे नामांकित औषधांवर कोड छापणे बंधनकारक आहे. बॅच क्रमांक, मुदत, बनवणारी कंपनी सारे त्यात असते. पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरे वृद्धांना दिसत नाहीत. पडद्यावर ती हवी तेवढी मोठी करता येतात.

आता मला खरे बोलायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर.

आमच्या ओळखीच्या एक खाला घरीच ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. रोख मिळत होती तेव्हा पैसे तांदळाच्या डब्यात जात. गिऱ्हाइके 'खाला, स्कॅनर नाही का?' विचारू लागली, तेव्हा नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने आपल्या खात्याचा कोड छापून मशीनजवळ चिकटवून दिला. मुलगा गुणी आहे, पैसे कधी अडवत नाही. पण मागावे तर लागतातच! सुया-दोरे आणायलाही नागपूरला फोन. चाळीस वर्षे ज्या बाईने स्वतःची कमाई स्वतः मोजली, तिची कमाई आता तिच्या नजरेलाच पडत नाही. 'त्यात काय एवढे, घरातच तर आहे,' असे पुरुषमंडळी म्हणतात. शरीअतने बाईच्या कमाईवर तिचाच हक्क मानला आहे. तो हक्क एका स्टिकरने निसटू नये.

उपाय अवघड नाही. तिच्या नावाचे बँक खाते, त्याला तिचाच मोबाईल क्रमांक जोडलेला, आणि त्यावरून काढलेला कोड. जमा झाल्याची नोंद तारखेसह राहते. देवाणघेवाण लिहून ठेवा, ही ताकीद ज्या आयतीत आहे ती कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची. उद्या कर्जासाठी बँकेत जावे लागले तर ही नोंद कामी येते.

भीती फसवणुकीची असते, आणि ती खोटी नाही. २०२३ च्या रमजानमध्ये इंडोनेशियात जकार्ताच्या मशिदींत, अगदी प्रसिद्ध इस्तिकलाल मशिदीतही, एकाने चंद्याच्या जागी स्वतःच्या खात्याचे कोड चिकटवले होते. म्हणून मशिदीच्या कमिटीने कोड काचेआड लावावा आणि दर जुम्याला एकदा स्कॅन करून नाव तपासावे. आपणही पैसे पाठवण्याआधी पडद्यावर आलेले नाव मोठ्याने वाचावे. आणि हे तर घरातल्या प्रत्येक बाईला पाठ हवे: पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावे लागत नाही. 'पैसे मिळतील, हा कोड स्कॅन करून पिन टाका,' असे जो सांगतो तो चोर.

खालांच्या मशीनजवळ आता त्यांच्या नावाचा कोड आहे. मुलानेच सुट्टीत येऊन बँकेत सोबत केली. जमा झाल्याचा मेसेज मात्र इंग्रजीत येतो आणि खालांना फक्त उर्दू वाचता येते. सातवीतली नात शाळेतून आली की दिवसभराचे मेसेज वाचून दाखवते, आणि खाला वहीत उर्दूत आकडे उतरवून घेतात.