शेत सगळ्यात शेवटी

लासूर स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत टाकला गेला. त्यामुळे हैदराबाद आम्हांला कधी परके वाटले नाही. तिथल्या बेकरीत काम करणाऱ्या एका बापाची मुलगी, सय्यदा सल्वा फातिमा, वैमानिक झाली ही बातमी आमच्या मोहल्ल्यातही पोहोचली. मुलींना हुरूप आला. पण बातमीचा मधला भाग फारसा कोणी वाचला नाही. तिला व्यावसायिक परवाना २०१३ साली मिळाला, नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. परवान्यापुढचे प्रशिक्षण बाकी होते आणि त्यासाठी पैसा नव्हता. तेलंगणा सरकारची मदत मिळाली तेव्हा ती वाट मोकळी झाली.

आमच्या भाचीने पायलट व्हायचे म्हटले, तेव्हा हा मधला भाग आम्ही मामा लोकांनी घरात मांडला. दुल्हेभाई बोलून गेले होते, "खेत बेचेंगे, पर बेटी को पायलट बनाएंगे."

आम्ही म्हणालो, "दुल्हेभाई, शेत सगळ्यात शेवटी."

पहिली पायरी शरीराची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून आधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची तपासणी होते. डोळे, कान, हृदय, सारे पाहिले जाते. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर वाट तिथेच अडू शकते. या तपासणीला हजारांत खर्च येतो, उड्डाणाच्या शिक्षणाला पन्नास लाखांच्या घरात. मग आधी काय करावे?

दुसरी पायरी अभ्यासाची. हवाई नियम, हवामानशास्त्र, नॅव्हिगेशन, विमानाची तांत्रिक माहिती या प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र इथे कामी येते. हा अभ्यास घरी बसूनही सुरू करता येतो.

त्यानंतर उड्डाण. वयाची १८ वर्षे आणि २०० तास, त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला शिकण्याची सोय आहे. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. परवाना हाती आला तरी एअरबस किंवा बोईंग चालवण्यासाठी त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचा खर्च वेगळा. घरे मोडतात ती इथेच.

आपा मात्र गप्प होत्या. त्यांना २६ एप्रिल १९९३ आठवत होता. त्या दिवशी चिकलठाण्याहून उडालेले विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. हे शिक्षण इतके लांब आणि कडक का, याचे उत्तर त्या भीतीतच आहे.

आपल्या समाजात यश मिळाल्यावर शाल-श्रीफळ घेऊन धावणारे पुष्कळ. सल्वाला शिकताना हैदराबादच्या एका उर्दू दैनिकाच्या संपादकांनी हात दिला होता, सत्कार नंतर झाले. आपल्या गावोगावच्या जमातींनी दरवर्षी दोन-चार मुलामुलींच्या तपासणीचा आणि पुस्तकांचा खर्च उचलला, तरी कितीतरी बापांना वेळेवर कळेल, की आपल्या लेकरासाठी शेत विकायचे की राखायचे.