मघाशी ओढ्याकडं गेले

तुमच्याकडेही आई-वडील सहा महिन्यांसाठी येऊन राहत असतील, तर दुपारी चारची ती धाकधूक तुम्हाला वेगळी सांगायला नको. आपण मीटिंगमध्ये, ते फिरायला बाहेर. फोन उचलत नाहीत, कारण तो घरीच चार्जिंगला लावलेला असतो.

मागच्या वर्षी आमचे अण्णा क्युपर्टिनोला आले, तेव्हा मी त्यांच्या कापडी पिशवीच्या तळाशी गुपचूप एक एअरटॅग टाकला. विचारलं नाही. विचारलं असतं तर "मी काय म्हैस आहे, गळ्यात घंटा बांधायला?" असं ऐकावं लागलं असतं.

गंमत अशी, की आपण कुठे आहोत हे त्या टॅगला स्वतःला कळतच नाही. त्यात जीपीएस नाही. तो ब्लूटूथवरून नुसती बारीक हाक देत राहतो. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला ती ऐकू येते. तो फोन स्वतःची जागा आणि वेळ लिहितो, त्याला कुलूप घालतो आणि अ‍ॅपलच्या सर्व्हरवर ठेवून देतो. ते कुलूप फक्त टॅगच्या मालकाला उघडता येतं, अ‍ॅपललाही नाही. हाकेतली खूणही अधूनमधून बदलते, म्हणजे भलत्याच माणसाला तिच्या मागावर राहता येत नाही. 2019 साली अ‍ॅपलने हे जाळं हरवलेल्या फोनसाठी सुरू केलं आणि 2021 च्या एप्रिलमध्ये एअरटॅग आले. तुमच्या खिशात आयफोन असेल, तर आज तुम्हीही कुणाच्या तरी किल्ल्यांची खबर देऊन आला असाल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

सगळेच हलत आहेत, कुणा एकाकडे सगळ्यांचा हिशोब नाही, अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत एखाद्याला शोधायचं कसं, हा संगणकशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आमच्या सांगलीकडच्या गावात आईनं तो कधीच सोडवला होता. अण्णांना यायला उशीर झाला की ती मला पिटाळायची. पारावरचं कुणीतरी सांगायचं, "मघाशी ओढ्याकडं गेले बघ." त्यात 'मघाशी' हा शब्द महत्त्वाचा होता. मी पाराशी थांबत नसे, ओढ्याकडं धावत असे.

इथे मात्र मी तो शब्दच वाचला नाही. एका मंगळवारी साडेपाच वाजले तरी अण्णा घरी आले नव्हते. फोनमध्ये पाहिलं, तर ठिपका मेमोरियल पार्कवर. बरं वाटलं. तिथे रोज संध्याकाळी देशी आणि चिनी आजी-आजोबा जमतात, त्यांच्यात बसले असतील. गाडी काढून गेले. सगळी बाकं पाहिली. अण्णा नव्हते. मग ठिपक्याखालची ओळ वाचली: 24 मिनिटांपूर्वी.

पुढचा ठिपका स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डवर, पश्चिमेकडे उमटला. त्या रस्त्यावर फोनांना काय तोटा! मी तिथे पोचेपर्यंत तोही शिळा झाला. आणि मग काहीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. जिथे माणसं नाहीत तिथे हाक ऐकणारंही कुणी नाही, हे मला कागदावर माहीत होतं. गाडीत एकटीनं बसून ते कळणं निराळं. अण्णांना इंग्रजी बेताचं, घराचा पत्ता पाठ नाही, डाव्या गुडघ्याचं दुखणं. मी पोलिसांचा नंबर काढून ठेवला.

मग सुचलं, इथला 'ओढा' म्हणजे स्टीव्हन्स क्रीकच की. त्याच्या काठाकाठानं ब्लॅकबेरी फार्मवरून मॅक्लेलन रँचपर्यंत पायवाट जाते. मी रँचवर पोचले तेव्हा ठिपका अजून जुनाच होता. अण्णा तिथल्या सामुदायिक बागेच्या कुंपणाला टेकून कुणाच्या तरी टोमॅटोच्या वाफ्याकडे पाहत उभे होते. "पाणी जास्त होतंय ह्याला," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला. "अहो अण्णा, किती शोधलं तुम्हाला!"

"मग त्या चकतीनं सांगितलं नाही होय तुला?"

त्यांना आठ दिवसांपासून माहीत होतं. अनोळखी टॅग सोबत फिरत असेल, तर हल्ली अँड्रॉइड फोनही तशी सूचना देतो. 2024 च्या मेमध्ये अ‍ॅपल आणि गूगल यांनी त्यासाठी एकच पद्धत आणली. अण्णांना ती सूचना आली होती. त्यांनी पिशवी उलटी केली, चकती पाहिली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

"काढून का नाही टाकलीत?"

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. पण विचारायचं होतंस."

मी गप्प झाले. पारावरचा माणूस मला खबर द्यायचा, तशीच अण्णांनाही द्यायचा: "पोरगी विचारत होती." आमचं विचारणं त्यांच्यापासून लपून राहत नसे. इथे वाटेतल्या अनोळखी माणसांनी मला अण्णांची खबर नकळत दिली, आणि मी ती अण्णांच्या नकळत घेतली. कुलूप कितीही पक्कं असो, ज्याला शोधतोय त्याला विचारायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

त्या रात्री मी विचारलं. चकती ठेवायला ते तयार झाले, पण कधी न्यायची ते स्वतः ठरवणार, या अटीवर. आता ते पुन्हा आलेत. कधी ठिपका मेमोरियल पार्कवर असतो, तर कधी घरीच, चपलांच्या कपाटावर, आणि चपला मात्र जागेवर नसतात. त्या दिवशी मी चहाचं आधण उशिरा ठेवते.