मगावरचीं माणसें

परदेशाहून परतणाऱ्या माणसानें इष्टमित्रांसाठीं कांहीं तरी आणावें, ही रीत आतां आपल्या मध्यम वर्गांत चांगलीच रुजली आहे. पूर्वीं काशीयात्रेहून आलेला मनुष्य गंगेचा गडू आणी, आणि तो घरांत पुजला जाई. आतां गडूच्या जागीं मग आला आहे. त्याची पूजा कोणी करीत नाहीं; त्यांतून चहा पितात, आणि पुढें त्याचा कान तुटला म्हणजे त्यांत पेन्सिली ठेवतात.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाकडील कॉर्नवॉल परगण्यांतून असाच एक मग आम्हांस आणून दिला. त्यावर एक जुनें छायाचित्र आहे. डोलकोथ नांवाच्या कथिलाच्या खाणींत, जमिनीच्या पोटांत, कांहीं कामकरी उभे आहेत. डोक्यावर राळेनें कडक केलेल्या टोप्या, आणि टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यानें चिकटविलेली मेणबत्ती. कॅम्बोर्न गांवच्या जे. सी. बरो या छायाचित्रकारानें मॅग्नेशियम जाळून त्या काळोखांत क्षणभर दिवस उजाडविला व अशीं चित्रें घेतलीं; त्यांचें पुस्तक १८९३ सालीं प्रसिद्ध झालें.

हीं माणसें ज्यावर उभीं आहेत तें यंत्र मोठें विलक्षण आहे. त्यास ‘मॅन एंजिन’ म्हणत. विहिरीसारख्या उभ्या भुयारांत एक लांबच लांब दांडा सुमारें बारा फूट वर जाई व तितकाच खालीं येई. दांड्याला ठराविक अंतरावर पायऱ्या, आणि भुयाराच्या बाजूस फळ्या. दांडा वर गेला कीं माणसानें पायरीवरून फळीवर यावें. तो खालीं येऊन पुन्हां निघाला कीं पुढच्या पायरीवर पाय ठेवावा. आणि असें करीत शेंकडों फूट चढून उजेडांत यावें. आधीं हीच वाट शिड्यांनीं चढावी लागे, व दिवसभर खडक फोडून थकलेल्या माणसाची छाती त्या चढणीनें फुटूं पाही. १८४२ सालीं ट्रेसॅव्हियन येथें हें यंत्र तेथील खाणींत प्रथम बसलें, तेव्हां कामकऱ्यांना तें वरदानच वाटलें असल्यास नवल नाहीं. पण २० ऑक्टोबर १९१९ रोजीं समुद्रकांठच्या लेव्हंट खाणींत पाळी संपवून माणसें वर येत असतां दांड्याचा वरचा जोड तुटला आणि ३१ जण प्राणांस मुकले.

मगावर यांतलें कांहींच लिहिलेलें नाहीं. १९९८ सालीं साउथ क्रॉफ्टी ही त्या परगण्यांतील शेवटची चालू खाण बंद झाली. २००६ सालीं त्या साऱ्या खाणप्रदेशास जागतिक वारशाचा मान मिळाला. खाण थंडावल्यावर तिचें चित्र विकावयास निघालें! आमच्या एका स्नेह्यांनीं मग पाहून म्हटलें, “दुसऱ्यांच्या हालअपेष्टांवर चहा पिणें ही शुद्ध असभ्यता आहे.”

हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाहीं, पण पुरता खराही वाटत नाहीं. आमच्या लहानपणीं कल्हईवाला दारीं येई. अंगणांत खड्डा खणून तो भाता लावी, पितळेचें पातेलें तापवी, त्यांत नवसागर टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानें असा एक हात मारी कीं काळवंडलेलें पातेलें चांदीसारखें लखलखूं लागे. त्या पातळ थरामुळें आमचें ताक कळकत नसे. पण तें कथील मलायांतून आलें कीं आणखी कोठून, आणि कोणी कोणत्या अंधारांतून तें काढलें, हा प्रश्न घरांत कोणाच्याही मनांत येत नसे.

तेव्हां भांड्याच्या आंत कथील होतें, पण तें खणणारा दिसत नव्हता. आतां भांड्याच्या बाहेर खणणारा आहे, पण कथील नाहीं. बरें, कथील गेलें तें आपल्या स्वयंपाकघरांतून; जगांतून नव्हे. आपल्या खिशांतल्या फोनच्या आणि टेबलावरच्या संगणकाच्या आंतले बारीक सांधे कथिलानेंच जोडलेले असतात. तें इंडोनेशियाच्या बांका बेटावर आणि कांगोंतील डोंगरांत माणसें आजही खणीत आहेत. त्यांचें चित्र असलेला मग मात्र आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.

म्हणून आमच्या स्नेह्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. असभ्यता असलीच तर ती मगांत नाहीं. खाण चालू असतांना माणसाकडे पाहावयाचें नाहीं, आणि ती बंद पडली म्हणजे त्याच्या टोपीवरच्या मेणबत्तीचें कौतुक करावयाचें, या क्रमांत ती आहे. मगावरच्या त्या माणसांना आतां आपल्या कणवेचा कांहीं उपयोग नाहीं. ज्यांना तो होईल, तीं माणसें अजून भुयारांतच आहेत.