ऐकणारा कोण आहे?

ऑनलाइन समुपदेशनाने मन खरंच हलकं होतं का, हा प्रश्न विचारायला आपल्याला उशीर झालाय, असं मला वाटतं. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि त्यातून वाचकांच्या अतिशय खासगी प्रश्नांना उत्तरं दिली. ना चेहरा, ना आवाज. घरात तोंडातून निघणार नाही ते लोक टपालाने विचारत होते. तो उपचार नव्हता, हे खरं. गणिताच्या प्राध्यापकाने दिलेली ती रोखठोक माहिती होती. पण माणूस लांब असला की लाज थोडी सैल होते, एवढं त्यातून दिसतंच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा किंवा 2022च्या ऑक्टोबरात सुरू झालेली सरकारी टेलि-मानस (क्रमांक 14416) याच ओळखीच्या गरजेवर उभी आहे.

आक्षेप येतो तो देहबोलीचा: समोर बसल्याशिवाय माणूस कळणार कसा? अमेरिकेत नैराश्याच्या 325 रुग्णांवर झालेला, 2012 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. फोनवरून उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 21 टक्के लोकांनी ते मध्येच सोडले, प्रत्यक्ष जाणाऱ्यांपैकी सुमारे 33 टक्क्यांनी. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांना सारखाच गुण आला होता. सहा महिन्यांनी मात्र प्रत्यक्ष भेटणारे अधिक बरे होते. फोनच्या पुरस्कर्त्यांनी हे शेवटचं वाक्य गाळू नये. तरीही ठाण्याला किंवा पुण्याला दर आठवड्याला येणं ज्याला परवडतच नाही, त्याची तुलना प्रत्यक्ष भेटीशी नव्हे, काहीच न मिळण्याशी करायला हवी.

मला खरी अडचण दिसते ती रुग्णाच्या घरात. दोन खोल्यांच्या संसारात सून सासूबद्दल बोलणार कुठे? म्हणून जाणता समुपदेशक आधी विचारतो: आत्ता कुठे बसलात, शेजारी कोण आहे, कोणी आलं तर विषय कसा बदलायचा? पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर तो पहिल्याच भेटीत घेतो, कारण जिवावरचा प्रसंग आला तर पडद्यातून हात पुढे करता येत नाही. समोरचा गप्प झाला तर तो भरून आल्यामुळे की नेटवर्क गेल्यामुळे, हेही त्याला विचारूनच घ्यावं लागतं. हे कसब ॲपमध्ये नसतं. ते प्रशिक्षणातून आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेल्या कामातून येतं. आपल्याकडे चिकित्सा मानसतज्ज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र काही आठवड्यांच्या कोर्सवाल्याच्या नावापुढेही सर्रास दिसतो. तेव्हा शिक्षण कुठे झालं, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, औषधांची गरज दिसली तर कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता, हे पैसे भरण्याआधीच विचारावं. त्यात उद्धटपणा काही नाही.