फटकी

थंडी सुरू झाली की आमच्या नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्या लाल होतात. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. जवळून गेलं की आधी ठसका लागतो, मग रंग दिसतो. बाया दिवसभर देठ खुडत बसलेल्या असतात, त्यांच्या बोटांची आग रात्रीही जात नाही. व्यापारी येतो, मूठभर मिरची उचलतो आणि उन्हात धरून उलटीसुलटी करून बघतो. रंग उडून पांढरट पडलेली मिरची म्हणजे फटकी. फटकीला भाव नाही.

गेल्या फाल्गुनात भाची होस्टेलवरून सुट्टीला आली, ती आयशॅडोची पॅलेट घेऊनच. पार्सलने मागवलेली. अठरा खण, तीन ओळी. झेंडूचा पिवळा, पळसाचा केशरी, मिरचीचा लाल, राणी, जांभळा, मोरपिशी, पोपटी, निळा. उघडल्याबरोबर भोंगऱ्या बाजाराची आठवण झाली. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावला तो भरतो, तेव्हा रस्त्यावर असेच रंग एकमेकांना खेटून चालत असतात. झाकणावर मात्र एका गोऱ्यापान मुलीचा मिटलेला डोळा होता.

"मावशी, लावून बघू?" म्हणत तिने पिवळ्यात बोट घासलं. खणात तो रंग थेट हळदीसारखा. पापणीवर गेला तर वाटेवरच्या धुळीसारखा. तिने दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. गालावर भुरभुर पडली, पण पापणी राखाडीच राहिली. तिचा वर्ण आमच्या आईचा, गर्द सावळा. तिने आरशात पाहिलं, पदराने पुसावं तसं ओढणीने डोळा पुसला आणि हळूच म्हणाली, "माझ्या रंगावर नाही गं शोभत."

हे वाक्य मी आमच्या घरात फार वर्षं ऐकत आले आहे. साडीच्या दुकानात ऐकलं, बांगड्या भरताना ऐकलं. आईच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. या वेळी नाही बसले. म्हटलं, "रंग फटकी आहे. तुझ्यात काही कमी नाही."

हे मी तिचं मन राखायला म्हटलं नाही. पावडरीच्या आयशॅडोत नुसता रंग नसतो. त्यात शंखजिऱ्याची भुकटी म्हणजे टाल्क असते, अभ्रक असतं, बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढराफेक पदार्थही असतो. अस्सल रंग कमी आणि ही भर जास्त झाली, तर गोऱ्या पापणीवर ती लपून जाते. सावळ्या पापणीवर राखेसारखी वर येते. करणाऱ्याने एकाच कातडीवर पारखून माल विकला, आणि माझी भाची आरशापुढे स्वतःला दोष देत बसली. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

आमच्याच सातपुड्यात गडद अंगावर रंग कसा लावायचा हे माणसांना पक्कं ठाऊक आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला मी गेले आहे. ती रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. बुध्या होऊन नाचणारे गडी काही दिवस व्रत पाळतात, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात आणि उघड्या अंगभर पांढरी नक्षी काढतात. एका पोराच्या पाठीवर दुसरा ठिपके देत होता, ते मी अगदी हातभर अंतरावरून पाहिलं. ओला ठिपका जेमतेम दिसायचा. वाळत आला की कडेपासून पांढरा होत जायचा, आणि जाळाच्या उजेडात प्रत्येक ठिपका सुटा, ठसठशीत. त्या पाठीवर तो पांढरा जितका खुलला, तितका दुसरा कुठे मी पाहिला नाही.

मग आम्ही दोघी पॅलेट घेऊन ओट्यावर उन्हात बसलो. आधी डबी उलटून बघितली. राणी आणि जांभळ्या छटांच्या तीन खणांपुढे बारीक अक्षरात इंग्रजीत छापलं होतं, डोळ्यांभोवती वापरू नये! डोळ्यांच्या रंगांच्या डबीवर हे! अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायचा रंग त्याच कामासाठी वेगळा मंजूर असावा लागतो, म्हणून तिथले काही उत्पादक अशा खणांना 'प्रेस्ड पिगमेंट' असं नाव देतात. ते तीन खण आम्ही चिकटपट्टी लावून बंद केले.

उरलेले पंधरा एकेक करून तिच्याच पापणीवर लावले. ओल्या बोटाने, दाबून, घासून नव्हे. मिरची-लाल पहिल्याच बोटात बसला. तो लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला, मातीसारखा भरीव. निळाही बसला. तो अल्ट्रामरीन, आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो त्याच घराण्यातला. तांब्याच्या झाकेचा आणि मोरपिशी हे दोन चमकदार खण तर तिच्या वर्णावर असे उजळले की शेजारची काकू कुंपणापाशी थांबून बघायला लागली. काळपट हिरवा पाचवा. बाकीचे दहा फटकी. पोपटी तर पार खडूच.

घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: झाकणावरच्या डोळ्यावर जाऊ नका, तळहातावर तर मुळीच लावून बघू नका, तो सगळ्यांचाच फिका असतो. आपल्या पापणीवर लावा आणि उन्हात या. बॅच नंबर, मुदत आणि करणाऱ्याचा पत्ता डबीवर नसेल तर दुकानातच ठेवून द्या.

परवा भाची आली तेव्हा तिच्या पिशवीत ती पॅलेट होती. मिरची-लाल खणाच्या मधोमध पत्र्याचा तळ दिसायला लागला आहे. पिवळ्यावर अजून ते पहिले तीनच ओरखडे आहेत.