सभागृहातील ध्वनिवर्धकाविषयी

‘क्लास डी’ या नावातील ‘डी’ म्हणजे ‘डिजिटल’, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि दुकानदार ती आनंदाने वाढवितात. वस्तुस्थिती एवढीच, की ध्वनिवर्धकांचे ए, बी, सी असे वर्ग आधी ठरलेले होते. पुढे जो नवा वर्ग आला त्यास क्रमाने डी हे अक्षर मिळाले. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1964 मध्ये ‘एक्स-10’ नावाचा या वर्गाचा ध्वनिवर्धक सुट्या भागांच्या रूपात विक्रीस आणला. घरी जोडून घ्यावयाचा. नावाप्रमाणे दहा वॅटचा, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ दुबळा. कल्पना बरोबर होती, परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर त्या वेगाने चालू-बंद होण्याच्या लायकीचे नव्हते. तसे ट्रान्झिस्टर बाजारात येण्यास आणखी दीड दशक जावे लागले.

संपादक मंडळाने आम्हांस इतिहासावर लिहावयास सांगितले होते. हाही इतिहासच आहे, असे समजून त्यांनी तो चालवून घ्यावा.

आपल्या निवासी शाळेच्या सभागृहात सायंकाळी तीनशेच्या आसपास मुले-मुली बसतात. वंदना, वृत्तपत्रवाचन, मग एखाद्या विषयावर बोलणे. जुना संच शंभर वॅटचा, दोन माणसांनी उचलावा असा. भारनियमन सुरू झाले की मुका. मागच्या ओळींतील मुली प्रश्न विचारीत नाहीत, त्यांचे लक्ष नसते, असे काही सहकारी म्हणत. आम्ही आठ दिवस मागे जाऊन बसलो. तेथे वाक्याचा शेवट ऐकूच येत नव्हता. ज्यांच्या पूर्वजांनी शाळेच्या दाराबाहेर बसून कानावर पडेल तेवढे शिक्षण घेतले, त्यांच्या शाळेत हा प्रश्न आम्हांस केवळ ध्वनिशास्त्राचा वाटेना. नवा संच विकत घेण्यास पैसे नव्हते. नववी-दहावीची सात मुले-मुली आणि आम्ही, असे मंडळ जमले.

मुलांना तत्त्व समजाविण्यास पाटाचे पाणी उपयोगी पडले. दार अर्धवट उघडे ठेवून पाण्याचे प्रमाण राखावयाचे, ही जुनी रीत. त्यात दाराशी झटापट होते, आणि विजेच्या बाबतीत त्या झटापटीची उष्णता होते. दुसरी रीत अशी, की दार एकतर पूर्ण उघडावयाचे किंवा पूर्ण बंद करावयाचे, पण सेकंदाला चार लक्ष वेळा, आणि किती काळ उघडे ठेवावयाचे ते आवाजाच्या चढउतारानुसार ठरवावयाचे. पूर्ण उघड्या दाराशी झटापट नाही, बंद दाराशीही नाही. म्हणूनच शंभरातील नव्वदच्या आसपास वीज कर्ण्यापर्यंत पोहोचते. एका मुलीने विचारले, “सर, मग ते चार लाख वेळा उघडणं-मिटणं ऐकू नाही का येणार?” सगळ्या रचनेचा गाभा या प्रश्नात होता.

त्याचे उत्तर म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर यांची गाळणी. माणसाचा कान वीस हजार कंपनांपलीकडे ऐकत नाही. तोडजोड चालते चार लक्षांवर. गाळणीची सीमा या दोहोंच्या मध्ये पडावयास हवी. दहा मायक्रोहेन्रीची कॉइल आणि 0.68 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर ती 61 हजारांच्या जवळ येते. वर्गमूळ आणि पाय यांचा गणिताच्या तासाबाहेर उपयोग असतो, हे मुलांनी त्या दिवशी प्रथम पाहिले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून लोहचूर्णाची, लाल रंग दिलेली, 27 मिलिमीटर व्यासाची कडी आणली. त्यांवर एनॅमल केलेल्या तांब्याच्या तारेचे 27 वेढे दिले की दहा मायक्रोहेन्री भरतात. वेढे दुप्पट केले तर मूल्य चौपट होते. मोजावयास चुकलेल्यांना ते मीटरवर लगेच दिसे. अशा चार कॉइल लागल्या. सर्वांत सुबक वेढे दिले ते ज्याला गणितात जेमतेम पस्तीस पडत, त्याने.

मुख्य काम करणारा चिप ‘टीपीए 3116’. त्याला 32 पाय, आणि दोन पायांतले अंतर 0.65 मिलिमीटर. चष्मा लावूनही आमच्या हाताला ते जमण्यासारखे नव्हते. तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालविणारा आमचा माजी विद्यार्थी आला, “जय भीम सर, तुम्ही बसा, ह्याला गरम हवेचं मशीन लागतं” म्हणाला, आणि पाच मिनिटांत तो बसवून, चहाही न घेता गेला. इतिहासात तो काठावर पास झाला होता. त्याने खिशातून जपून आणलेले भिंग मात्र येथेच ठेवले आहे.

वीज एका जुन्या लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या चार्जरची. आठ ओहमच्या कर्ण्यावर त्यातून हिशोबाने प्रत्येक बाजूस वीसेक वॅट मिळतात. शंभराच्या जागी वीस म्हणताच सहकारी हसले. परंतु दोन कर्णे व्यासपीठावरून काढून सभागृहाच्या मध्यावर, भिंतीला लावले, तेव्हा वॅट वाढविण्याची गरजच उरली नाही. एक पथ्य पाळावे लागते: या रचनेत कर्ण्याच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यांतील कोणतीही पेटीच्या पत्र्याला लागता कामा नये.

खरी परीक्षा घेतली ती स्वयंपाकघरातील मावशींच्या रेडिओने. आमचा संच सुरू झाला की त्यांच्या पुणे केंद्राच्या बातम्यांवर बारीक शीळ येई, आणि मावशी चिमटा हातात घेऊनच दारात उभ्या राहत. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर. आमची तोडजोड 400 वर, तिची दुप्पट 800. सोबतीला राहिलेली शीळ त्या आठांच्या फरकाची. चिपमध्ये वेग बदलण्याची सोय होतीच. 500 केल्यावर दुप्पट एक हजारावर गेली आणि बातम्या मोकळ्या झाल्या. नंतर मुलांनी तोच रेडिओ मागून आणला, पेटीभोवती फिरवून वीज कोठून निसटते ते ऐकले, कर्ण्याच्या तारा आखूड केल्या, पत्र्याचे झाकण घट्ट बसविले. हजारो रुपयांच्या यंत्राचे काम एका जुन्या ट्रान्झिस्टरने केले.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि तांत्रिक शिक्षण हे विषय त्यांच्या कामात होते, हे आम्ही दहावीला दरवर्षी शिकवितो. यंदा ते शिकविताना वर्गातील चौघांच्या बोटांवर सोल्डरचे डाग होते.

झाकणाला चार स्क्रू आहेत. त्यांवर सील नाही आणि स्क्रूड्रायव्हर पेटीशेजारीच टांगला आहे. वीज गेली की 12 व्होल्टच्या बॅटरीवर दोन तास सहज निघतात. त्या वेळी आवाज थोडा उतरतो, पण शेवटच्या ओळीपर्यंत जातो. परवा तेथून एका मुलीने विचारले, महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या बायकांची नावे पुस्तकात का नाहीत? उत्तर देण्यास आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे.