रस्सा कशाचा?

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात मी आणि माझा मित्र एकाच गल्लीत वाढलो. त्याचं घर मोमिनांचं, दारात पाऊल टाकलं की पॉवरलूमची खडखड. आमचं घर माळकरी. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे यायचा, दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं. पण जेवायला एका पानावर बसायचा प्रसंग क्वचितच यायचा. बाहेर खायचं तर माव्याची जिलबी, नाहीतर दराबा ही मिठाई. तिथे दोन्ही घरांचे नियम शाबूत राहायचे.

आता तो टोकियोत निशी-कसाईला राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय संगणक अभियंत्यांच्या वस्तीमुळे ओळखला जातो. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. मी कामानिमित्त टोकियोला गेलो, तेव्हा त्याच्याकडेच उतरलो. घरी वरण-भात, भाजी-पोळी होतीच. पण जपानला येऊन रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, न खाता जायचं, हे मला पटत नव्हतं. "खाऊ रे, पण दोघांना चालेल अशा ठिकाणी," तो म्हणाला.

त्याच्या घराजवळ रामेनची दुकानं होती. दाराशीच यंत्र, त्यावर चित्रांची बटणं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घेऊन आत जायचं. आत एक लांब ओटा, पलीकडे आचारी, अलीकडे ओळीने माणसं. साधा वाडगा १००० येनच्या आसपास, पाणी फुकट, टीप द्यायची पद्धत नाही. सगळं सुटसुटीत. अडचण होती ती वाडग्यात.

त्याने मला ती नीट समजावून सांगितली. शोयू म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा. पाटीवर 'मिसो रामेन' वाचून शाकाहारी माणूस निर्धास्त होतो. पण ही नावं चवीची आहेत. खालचा रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीचा, डुकराच्या हाडांचा किंवा सुक्या मासळीचा असतो. क्युशूकडच्या तोनकोत्सूत तर डुकराची हाडं तासन्‌तास उकळून रस्सा दुधासारखा पांढरा करतात. "वरचे मांसाचे तुकडे सांगितलं तर काढून देतील. रस्सा कसा काढणार?" तो म्हणाला. मला मांस-मासे चालत नव्हते, त्याला डुक्कर. कारणं वेगळी, पण दार दोघांनाही बंद.

म्हणून रविवारी आम्ही निशी-कसाईहून तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरलो आणि भुयारी वाटेने टोकियो स्टेशनात गेलो. तिथल्या केयो स्ट्रीटवर 'टीज तानतान' नावाचं दुकान आहे. मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काहीही तिथे वापरत नाहीत. दुकान तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे. गाडी पकडायची नसली तरी प्रवेशाचं तिकीट काढावं लागतं. बाहेर रांग होती, निम्म्या लोकांच्या हातात प्रवासी बॅगा. परदेशी होते तसे जपानीही होते.

आम्ही दोघांनी पांढऱ्या तिळाचं तानतानमेन मागवलं. मूळ पदार्थ चीनच्या सिचुआन प्रांतातला, तिकडे तो रश्शाविना नाहीतर अगदी थोड्या रश्शात खातात. तिथून जपानात आलेले आचारी चेन केनमिन यांनी तो जपानी जिभेला रुचेल असा भरपूर रश्शाचा आणि कमी तिखट केला. मुळात रामेनच चीनकडून आलेलं. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन नावाचं दुकान निघालं, तिथे चिनी आचारी होते. १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी पाकिटातलं झटपट रामेन काढलं आणि ते जगभर गेलं.

वाडगा समोर आला. तिळाचा दाट, फिकट बदामी रस्सा, त्यावर मिरचीच्या तेलाचे लाल थेंब पसरलेले. मधोमध सोयाबीनचा परतलेला चुरा, कडेला हिरवी भाजी. चॉपस्टिक्सने नूडल्स वर ओढल्या तर त्या सरळ, पिवळसर आणि ताणल्या तरी न तुटणाऱ्या निघाल्या. रामेनच्या कणकेत कानसुई नावाचं क्षाराचं पाणी घालतात, ते आपल्या पापडखाराच्याच जातीचं. हा रंग आणि हा चिवटपणा त्यामुळे येतो. पहिल्या घोटात तीळ, मग खारटपणा, आणि तिखट अगदी शेवटी, घशाशी.

शेजारचे गृहस्थ सुर्र आवाज करत खात होते. "आवाज करून ओढ. गरम आहे तोवरच मजा, नंतर फुगतात," मित्र म्हणाला. मी तसंच केलं. कपाळावर घाम आला, बोलणं थांबलं. एकाच भांड्यातून वाढलेलं, एकाच चवीचं अन्न आम्ही शेजारी बसून पोटभर खाल्लं. लहानपणापासूनच्या दोस्तीत मला हे समाधान इतकं पूर्ण कधी मिळालं नव्हतं. त्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटचा रस्सा प्यायला, मीही प्यायलो.

तिथे खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसायची सोय नसते, दारात माणसं उभी असतात. आम्ही मारुनोउची बाजूने बाहेर पडलो. स्टेशनची लाल विटांची जुनी इमारत १९१४ मधली. तिच्यासमोरच्या चौकात फेऱ्या मारत आम्ही पुष्कळ बोललो: त्याच्या अब्बांचे विकलेले लूम, माझ्या आईचं आजारपण, त्याच्या मुलांना इतवारा कधी दाखवायचा. पोटात ऊब असली की अवघड गोष्टीही बोलता येतात.

माझं मत आता पक्कं आहे. ज्या पदार्थाची कुणालाच अडचण नाही, तो बेचव असतो असं समजू नये. तो वाडगा कुठल्याही तडजोडीचा नव्हता, तो उत्तम होता. बुऱ्हाणपूरसारख्या मिश्र वस्तीच्या गावातल्या माणसाला अशा जागेची किंमत लवकर कळते.

जपानला जाणाऱ्या शाकाहारी मंडळींना एवढंच सांगेन: वर काय घातलंय ते नंतर विचारा, आधी रस्सा कशाचा ते विचारा. मांस, मासे, अंडी चालत नाहीत, आणि रश्शातही नकोत, एवढं जपानीत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. आणि शक्य असेल तर एखाद्या जुन्या मित्राला सोबत घ्या.